रात्रीचा लोड आणि कुमारिलभट्ट

एखादी गोष्ट आपल्याला कळली, तर ती खरीच कळली हे कशावरून ठरवायचं? कळण्यातच खरेपणा धरलेला असतो, की तो नंतर दुसऱ्या कशाने तरी ताडून पाहावा लागतो? आपल्याकडच्या दर्शनकारांनी या प्रश्नावर काही शतकं डोकेफोड केली. त्या वादाला प्रामाण्यवाद म्हणतात. एम.ए.ला संस्कृत घेतलं होतं तेव्हा मी तो गुणांपुरता पाठ केला. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाची आठल्ये-बोडसांनी १८९७ साली काढलेली आवृत्ती मी तेव्हा वाचायचे. तिच्यातल्या दीपिका या टीकेतला हा भाग मला सगळ्यांत कोरडा वाटायचा. पाणी दिसलं तर पाणी आहे असं समजून पुढे जावं, त्यात एवढं भांडण्यासारखं काय? पुढे पोटापाण्यासाठी डेटाबेसकडे वळले आणि याच कोरड्या भागाशी रोज रात्री गाठ पडायला लागली.

आमची संस्था काही नागरी सहकारी बँकांसाठी यूपीआयची जुळवणी करून देते. देशातले यूपीआय व्यवहार ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याला १,००० कोटींच्या पुढे गेले. त्यातला आमच्या वाट्याचा भाग चिमूटभर, पण ती चिमूट रोज येते, आणि दिवसातून अनेकदा येते. एकाच व्यवहाराची नोंद तीन ठिकाणी असते: बँकेच्या खात्यांच्या मूळ प्रणालीत म्हणजे सीबीएसमध्ये, व्यवहार पुढे धाडणाऱ्या स्विचवर आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या फाइलमध्ये. तिन्ही फाइली डेटाबेसात चढवायच्या, आरआरएन नावाच्या बारा आकडी क्रमांकावरून नोंदी एकमेकींशी लावून पाहायच्या, आणि ज्या जुळल्या नाहीत त्यांची यादी सकाळी बँकेच्या हातात द्यायची. न जुळलेली नोंद म्हणजे पुष्कळदा कुणाच्या तरी खात्यातून गेलेले आणि समोरच्याला न पोचलेले पैसे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले असे पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत गेले पाहिजेत. नाही गेले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला १०० रुपये भरपाई. त्यामुळे फाइली चढवण्याचं हे काम, म्हणजे लोड, रात्रीतच उरकावं लागतं. सकाळी साडेनऊला तो चालूच असेल तर बँकेचे फोन सुरू होतात, आणि त्या फोनवरची भाषा तत्त्वज्ञानाची नसते.

लोड रेंगाळतो कशाने? नवीन माणसाला वाटतं, डेटा फार आहे म्हणून. पण नुसता डेटा लिहायला फारसा वेळ लागत नाही. वेळ खातो तो संशय. एकेक नोंद घालून प्रत्येकीला कमिट केलं, की डिस्ककडून ‘लिहिलं’ अशी कबुली मिळाल्याशिवाय डेटाबेस पुढे सरकत नाही. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी जुनी फिरती डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. फेऱ्यामागे एक कबुली धरली तर दहा लाख नोंदींच्या नुसत्या कबुल्यांनाच सव्वादोन तासांहून जास्त लागतात. एसएसडी आल्यावर आकडे बदलले, हिशेबाची रीत तीच राहिली. शिवाय दर नोंदीला प्रश्न विचारायचे, ज्यांना आम्ही कॉन्स्ट्रेंट म्हणतो. हा आरआरएन आधी येऊन गेलाय का? हा शाखा क्रमांक शाखांच्या टेबलात आहे का? रक्कम शून्याहून मोठी आहे का? आणि टेबलावर जितके इंडेक्स तितक्या ठिकाणी त्या नोंदीचा पत्ता योग्य पानावर नेऊन लिहायचा.

उपाय जगजाहीर आहेत. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मॅन्युअलमध्ये त्यासाठी वेगळा भागच आहे. इन्सर्टऐवजी कॉपी वापरा, सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये बसवा, इंडेक्स आधी काढून टाका आणि शेवटी एकदाच बांधा, फॉरेन की बाजूला ठेवा, सगळं झालं की अ‍ॅनालाइझ चालवा. यातल्या काही उपायांत तेच काम कमी फेऱ्यांत होतं. शेवटी एकदम इंडेक्स बांधला तर सगळ्या किमती एकदाच सॉर्ट होऊन ओळीने मांडल्या जातात, दर नोंदीला पानं उलटत बसावं लागत नाही. यात विचार करण्यासारखं काही नाही. करावं आणि मोकळं व्हावं. पण काही उपायांनी काम कमी होतं ते आपण प्रश्न विचारायचं सोडल्यामुळे. फॉरेन की काढली म्हणजे शाखा क्रमांक खरा आहे की नाही हे त्या वेळी कुणीच विचारत नाही. हा वेग विश्वासाच्या बदल्यात मिळालेला असतो. आणि विश्वास ठेवायचा तो कुठल्या आधारावर, हा प्रश्न मॅन्युअलमध्ये सुटत नाही.

“ताई, रोज त्याच बँकेची तीच फाइल येते. कॉन्स्ट्रेंट कशाला हवेत? बंदच करून टाकू या ना,” आमच्याकडचा एक तरुण मुलगा एकदा म्हणाला.

“अरे, आणि चुकीचं काही आलं तर?”

“तर दिसेलच की कुठेतरी.”

त्या बिचाऱ्याला पत्ता नव्हता, पण तो प्रामाण्यवादातल्या मीमांसकांच्या बाजूने बोलत होता. सातव्या शतकाच्या सुमाराचा कुमारिलभट्ट म्हणतो की ज्ञान उपजतं ते खरेपणा घेऊनच. त्याला बाहेरून दाखला लागत नाही. बाहेरून कळावा लागतो तो खोटेपणा, आणि तो दोनच वाटांनी कळतो. एक, नंतर त्याला खोडून काढणारं दुसरं ज्ञान होतं. दोरी जवळून पाहिली की साप संपतो. दुसरी वाट, ज्या साधनाने कळलं त्यातच दोष होता असं उमगतं. काविळीच्या माणसाला शंख पिवळा दिसतो. या दोन्हींतलं काही घडत नाही तोवर जे कळलं ते खरं. उलट धरलंत, म्हणजे प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्याचा दाखला मागितलात, तर त्या दुसऱ्याला तिसऱ्याचा लागणार आणि तिसऱ्याला चौथ्याचा. याला अनवस्था म्हणतात. मग मुळात कशाचाच निश्चय होणार नाही आणि माणूस जागचा हलणार नाही. रात्री दोन वाजता अडकलेला लोड ज्याने पाहिला आहे त्याला हा युक्तिवाद समजावून सांगावा लागत नाही.

आणि व्यवहारात आपण सगळे असेच वागतो. लग्नात आहेराची पाकिटं दारातच फोडून कुणी बघत नाही. वहीत नाव लिहून घेतात आणि पाकीट पिशवीत टाकतात. मोजदाद रात्री, पाहुणे पांगल्यावर. फाइल आधी जिथे उतरवतो ते आमचं स्टेजिंग टेबल म्हणजे ती पिशवी. पोस्टग्रेसमध्ये ते अनलॉग्ड ठेवता येतं, म्हणजे त्याच्यासाठी डब्ल्यूएएल ही बदलांची आगाऊ नोंदवही लिहिली जात नाही आणि लोड झपाट्याने होतो. मध्येच सर्व्हर कोसळला तर ते टेबल उठल्यावर रिकामं मिळतं, पण मूळ फाइल हाताशी असते, पुन्हा चढवायची.

वादातल्या दुसऱ्या बाजूला, न्यायदर्शनाच्या नैयायिकांना, मात्र हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, ज्ञान उपजताच खरेपणाही कळत असता तर शंका कधी आलीच नसती. पण येते ना! अनोळखी ठिकाणी लांबून काहीतरी चमकताना दिसलं की पाणी आहे की मृगजळ असं मनात येतंच. मग माणूस जातो, ओंजळ भरतो, तहान भागते, आणि तेव्हा अनुमान करतो की मघाचं ज्ञान खरं होतं. प्रवृत्ती सफल झाली, म्हणून ज्ञान प्रमाण. आमच्या धंद्यात या सफलतेची जागा म्हणजे बँकेचं काउंटर. तिथे उभ्या असलेल्या बाईंना त्यांच्या खात्यात त्यांचे पैसे दिसले, तर रात्रीचा लोड बरोबर होता. फाइलीच्या शेवटच्या ओळीत नोंदींची संख्या आणि एकूण रक्कम असते, ती जुळली की आमच्यातले बरेच जण हुश्श करतात. पण ती ओळही त्याच फाइलीतली. ती एवढंच सांगते की फाइल वाटेत तुटली नाही. आतलं खरं आहे असं ती सांगत नाही, सांगू शकतही नाही.

कुमारिलाची दुसरी वाट, साधनातला दोष, मी एका बँकेच्या सीबीएस फाइलीत डोळ्यांनी पाहिली आहे. आरआरएन आम्ही मजकूर म्हणून साठवतो, नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात. त्या दिवशी लोड विनातक्रार पार पडला. शेवटची ओळ जुळली, रकमाही जुळल्या. मग इंडेक्स बांधायची वेळ आली आणि आरआरएनचा युनिक, म्हणजे एक क्रमांक दोनदा येऊ न देणारा, इंडेक्स काही केल्या बांधला जाईना. टेबल उघडून पाहिलं तर त्या रकान्यात बारा आकड्यांच्या जागी ४.१२३४६ई+११ असलं काहीतरी, आणि तेच हजारो ओळींत. बँकेतल्या कुणीतरी फाइल ‘नुसती बघायला’ एक्सेलमध्ये उघडली होती आणि बंद करताना सेव्हवर बोट पडलं होतं. बारा आकड्यांची संख्या एक्सेल अशीच आखडून दाखवतं, आणि सीएसव्हीत जतन केली की दाखवलेलंच लिहितं. एका दिवसाचे क्रमांक सुरुवातीला बरेचसे सारखे असतात, त्यामुळे शेपूट कापल्यावर ते एकसारखे दिसू लागले. इंडेक्स पुन्हा बांधायचा नाही असं आम्ही ठरवलेलं असतं, म्हणजे त्या मुलाचं शंभर टक्के ऐकलं असतं, तर या ज्ञानाला खोडणारं दुसरं ज्ञान झालंच नसतं. ‘दिसेलच कुठेतरी’ हे खरं. पण कुठेतरी दिसावं म्हणून कुणीतरी आरसा टांगून ठेवावा लागतो. मीमांसकही हे नाकारत नाहीत. बाधक, म्हणजे खोडून काढणारं ज्ञान, शोधायचंच नाही असं कुमारिल म्हणत नाही. शंकेला जागा दिसली तर शोधा, पण तीन-चार पायऱ्यांपलीकडे ताणू नका, एवढंच त्याचं सांगणं.

या प्रकरणात मला खरं खटकलं ते बँकेचं उत्तर. फोन केला तर पलीकडचे साहेब म्हणाले, “मॅडम, आम्ही काही केलेलं नाही. सिस्टीममधूनच तसं आलंय.” हे वाक्य मी इतक्या बँकांतून, इतक्या शांत स्वरात ऐकलं आहे की त्याचा विचार करणं भाग पडलं. मीमांसकांनी स्वतःप्रामाण्याचा, म्हणजे ज्ञान आपलं आपणच खरं असतं या मताचा, एवढा खटाटोप केला तो वेदासाठी. वेद अपौरुषेय, त्याला कर्ता नाही. कर्ता नाही म्हणून कर्त्याचे दोष नाहीत. दोष नाहीत म्हणून वेदवचन खोटं ठरण्याची वाटच बंद. नैयायिकांनी इथेही उलट बाजू घेतली: शब्द खरा असतो तो बोलणारा आप्त, म्हणजे विश्वासू, असतो म्हणून, आणि वेद प्रमाण आहे तो सर्वज्ञ ईश्वराने सांगितला म्हणून. वेदाबद्दल कुणाचं बरोबर यात मी पडत नाही. घरी दोन्ही मतांची माणसं आहेत. पण फाइलीबद्दल माझं मत पक्कं आहे. आज ‘सिस्टीम’ला आपण गुपचूप अपौरुषेय करून टाकलं आहे. ती कुणी लिहिली, कोणत्या घाईत लिहिली, कुठल्या प्रोग्रामात कुणी तारखेतला दिवस आणि महिना उलटा घातला, हे विचारायचं नाही. आतून आलं म्हणजे कुणाचा हात लागलेला नाही! मी सश्रद्ध बाई आहे, देवापुढे दिवा लावते, पण ही श्रद्धा मला झेपत नाही. प्रत्येक फाइलीला कर्ता असतो, बहुधा एकाहून जास्त असतात, आणि ते सगळे आप्त असतात असं नाही.

‘रोज तीच फाइल’ या त्या मुलाच्या शब्दांत मात्र दम होता. नवव्या-दहाव्या शतकातला वाचस्पतिमिश्र नैयायिक असूनही इथे थोडा सैल सोडतो. अनोळखी बाबतीत ताडून पाहायला हवं. पण जे पूर्वी वारंवार अनुभवलं आहे आणि खरं ठरलं आहे, त्याच जातीचं पुन्हा समोर आलं तर त्या सजातीयतेवरूनच निश्चय करता येतो. जैन तार्किकांनी हे आणखी सुटसुटीत मांडलं: सवयीच्या बाबतीत प्रामाण्य आपसूक कळतं, बिनसवयीच्या बाबतीत बाहेरून. रोज येणाऱ्या फाइलीचा वेग याच जोरावर वाढवता येतो. ज्या दिवसांचा डेटा एकदा तपासून आत बसला आहे तो पुन्हा चढवायचा नाही, फक्त नवीन आणि बदललेलं तेवढंच घ्यायचं. दिवसागणिक पार्टिशन करून ठेवलं तर नवीन दिवसाचं टेबल बाहेरच तयार करता येतं आणि मग मोठ्या टेबलाला जोडता येतं. त्याच्यावर तारखेचा चेक आधीच लावलेला असेल तर पोस्टग्रेस जोडताना पुन्हा सगळ्या ओळी चाळत नाही, त्या चेकचा शब्द मानतो.

फक्त, ओळख कशाची आहे हे विसरता कामा नये. वर्षभर रोज येणारी फाइल ओळखीची असते ती रकान्यांच्या क्रमाने, नावाने, आकाराने. आजचे व्यवहार आजच घडलेले आहेत, ते नवखेच.

प्राभाकर मीमांसकांचं एक मत कॉलेजात मला निव्वळ हट्ट वाटायचं. ते म्हणतात, खोटं ज्ञान असं काही नसतंच. शिंपल्याला चांदी समजण्यात दोन ज्ञानं असतात: समोरचं ‘हे’ दिसणं आणि पूर्वी पाहिलेली चांदी आठवणं. दोन्ही आपापल्या जागी खरी. चुकतं ते एवढंच की दोहोंतला भेद आपल्या लक्षात येत नाही. जुळवणीच्या कामात रुळल्यावर हे मत मला हट्टाचं वाटेनासं झालं. एकाच मिनिटात एकाच किराणा दुकानाच्या क्यूआरवर दोघांनी ५०० रुपये दिले. एकाचे पोचले, एकाचे अडकले. एका फाइलीत आरआरएन नाही म्हणून जुळवणी रक्कम, वेळ आणि दुकान यांवर केली, आणि बँकेची एक नोंद एनपीसीआयच्या भलत्याच नोंदीला चिकटली. दोन्ही नोंदी खऱ्या. एकाही कॉन्स्ट्रेंटने हरकत घेतली नाही, घेण्यासारखं काही नव्हतंच. ज्याचे पैसे अडकले तो माणूस अहवालातून गायब झाला. दारात कितीही पहारे बसवा, हा प्रमाद दारातून आत येत नाही. तो आत, जोडताना जन्मतो. नैयायिक याला अन्यथाख्याती, म्हणजे एक वस्तू भलत्याच रूपात कळणं, म्हणतील आणि वेगळं स्पष्टीकरण देतील, पण मला प्राभाकरांचं जास्त पटतं, कारण त्यांच्या सांगण्यावरून दुरुस्ती कुठे करायची ते कळतं. दोन नोंदींत भेद करणारा रकाना मागून घ्यायचा. वेग त्याने कमी झाला तर होऊ दे.

मग तपासायचं कधी? काश्मीरचा जयंतभट्ट इथे कामाला येतो. तो म्हणतो, डोळ्यांसमोरच्या साध्या गोष्टींत खरेपणाचा निश्चय न करताही माणूस कामाला लागतो आणि त्यात काही बिघडत नाही. पण ज्या वैदिक कर्मांचं फळ इथे दिसत नाही आणि खर्च-कष्ट मात्र भरपूर, तिथे आधी निश्चय हवा. म्हणजे तपासणीची वेळ ज्ञानाच्या जातीवर ठरत नाही, चुकीची किंमत कुणाला आणि किती पडते यावर ठरते. दुकानाच्या नावातलं स्पेलिंग उद्या तपासलं तरी चालेल. पैसे परत पाठवायची आज्ञा ज्या नोंदीवरून निघणार, ती आज्ञेच्या आधी तपासलेली हवी. लोड आणि आज्ञा यांच्यामध्ये जो वेळ आहे तो सगळा आपला.

आणि त्या मधल्या वेळात आपण काय तपासलेलं नाही, याची आठवण कुठेतरी लिहिलेली हवी. या बाबतीत डेटाबेसांचे स्वभाव फार वेगळे आहेत. एसक्यूएल सर्व्हरचा बल्क इन्सर्ट न सांगता फॉरेन कीकडे पाहत नाही, माल सरळ आत घेतो. पण त्याच वेळी त्या कॉन्स्ट्रेंटच्या नावापुढे ‘याचा भरवसा नाही’ अशी खूण करतो, आणि पुढे क्वेरीचा मार्ग आखताना त्या कॉन्स्ट्रेंटवर विसंबत नाही. खूण पुसायची तर जुन्या नोंदींसकट सगळं तपासून घ्यावं लागतं. त्या आज्ञेत चेक हा शब्द लागोपाठ दोनदा लिहावा लागतो. एकदाच लिहिला तर कॉन्स्ट्रेंट चालू होतो आणि खूण तशीच राहते. लोक याला हसतात, मला ते फार शहाणपणाचं वाटतं. ओरॅकलमध्ये ‘रिलाय’ म्हणून मुभाच आहे: हे तपासू नकोस, मी सांगते म्हणून खरं धर. तिथे आप्त मी, जबाबदारीही माझी, आणि तसं लिहिलेलं असतं. मायएसक्यूएलमध्ये फॉरेन कीची तपासणी बंद करून लोड केला आणि परत चालू केली, तर मधल्या वेळात आलेल्या नोंदींकडे तो मागे वळून पाहत नाही, आणि पाहिलं नाही याची खूणही ठेवत नाही. सकाळी टेबल पाहणाऱ्याला सगळं रोजच्यासारखं दिसतं. न तपासता घेण्याची मला भीती वाटत नाही. ही विस्मृती मात्र भीतिदायक आहे.

म्हणून आम्ही सकाळच्या अहवालात एक ओळ घालायला लागलो: कोणत्या फाइलीची कोणती तपासणी अजून बाकी आहे. एका बँकेच्या साहेबांना ती रुचली नाही. “मॅडम, ती ओळ काढा. ऑडिटर विचारतात.”

“विचारावं म्हणूनच घातली आहे, साहेब.”

“अहो, पण बाकी म्हटलं की काम अर्धवट वाटतं. दुपारपर्यंत तुम्ही करताच ना सगळं? मग दुपारीच अहवाल द्या.”

दुपारी द्यायचा तर पैसे परत जायला तेवढाच उशीर, हे त्यांनाही ठाऊक होतं. बरीच घासाघीस झाली. शेवटी ती ओळ पहिल्या पानावरून दुसऱ्या पानावर गेली. ती पहिल्यावर परत आणायचा माझा पत्रव्यवहार चालू आहे.